गळकं छप्पर आणि गोपनीय शिक्का: महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून गेलेले लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ सन्माननीय सदस्य,
नवी दिल्ली

विषय: शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मधील कलम ५ बाबत
संदर्भ: —

महोदय, महोदया,

विषयाची ओळ सवयीने लिहिली. ३१ वर्षं सरकारी नोकरी झाली, विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. संदर्भ रिकामा आहे, कारण या पत्राच्या मागे दुसरं कुठलंच पत्र नाही. आपल्यापैकी कुणी मला काही विचारलेलं नाही, मीच आपणहून लिहिते आहे.

सरकारने गुप्त ठरवलेला कागद फुटला आणि वर्तमानपत्राने तो छापला, तर छापणाऱ्यावर खटला भरावा का? माझं उत्तर नाही असं आहे. पण हे उत्तर देणारी बाई छापणाऱ्यांच्या बाजूची नाही. ती शिक्के मारणाऱ्यांतली आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

नोकरीतली ९ वर्षं मी एका कार्यालयाच्या गोपनीय शाखेत काढली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. शाखा म्हणजे एक अरुंद खोली, लोखंडी कपाट, त्याची एक किल्ली साहेबांकडे आणि दुसरी माझ्याकडे. लिफाफे दोन लागायचे. आतल्यावर 'गोपनीय' असा लाल शिक्का आणि मागे लाखेचं सील. तो बाहेरच्या साध्या लिफाफ्यात घालायचा, बाहेरच्यावर फक्त हुद्दा आणि पत्ता. बाहेरून पाहणाऱ्याला आत गुपित आहे हेही कळता कामा नये, ही त्यातली खुबी. लाख मेणबत्तीवर वितळवायची. एक थेंब उजव्या तर्जनीवर पडला होता, त्याचा डाग अजून आहे.

एके दिवशी साहेबांनी चार पानं पुढ्यात ठेवली. कार्यालयाच्या उपाहारगृहाच्या ठेक्यासाठी आलेल्या निविदांचा तुलनात्मक तक्ता. चहाचा दर, वडा-सांबाराचा दर, राइस प्लेटचा दर. म्हणाले, "यावर गोपनीय मारा." मी म्हटलं, "साहेब, हे तर कँटीनचं आहे." साहेब म्हणाले, "म्हणूनच मारा."

मी मारला. ठेका सगळ्यात कमी दराच्या माणसाला मिळाला नाही. का मिळाला नाही ते त्या चार पानांतच होतं, आणि ती पानं माझ्या कपाटात गेली. शिक्का का मारला, याचं कारण लिहायला रकाना नव्हता. किती दिवसांनी काढायचा, याची तारीख नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्या मुठीत किती होते ते मला ठाऊक नाही, पण मूठ झाकणारा हात माझा होता.

हे सांगायचं कारण असं, की फुटलेल्या गुपितांवरच्या चर्चेत एक गोष्ट सगळेजण गृहीत धरून चालतात. कागदावर शिक्का आहे, म्हणजे आत गुपित आहे. मी हजारो शिक्के मारले. आत गुपित असलेले त्यात होते, नाही असं नाही. पण शिक्का मारणाऱ्याला 'हे खरंच गुप्त आहे का' असं त्या ९ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

आता कायदा बघा. कलम ३ हेरगिरीचं आहे. शत्रूच्या कामी यावं म्हणून नकाशे गोळा करणाऱ्याला ते धरतं. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कलम ५ मात्र हेराचं नाही. ते तुमचं-आमचं आहे. ज्याच्या ताब्यात सरकारी कागद होता त्याने तो नको त्याला दिला तर तो गुन्हेगार, हे समजण्यासारखं आहे. पण ज्याने तो घेतला, तोही गुन्हेगार. घेताना हा कागद कायदा मोडून मिळतो आहे असं त्याला ठाऊक असलं किंवा वाटायला वाजवी कारण असलं, की झालं. ३ वर्षांपर्यंत कैद. कागद छापल्याने देशाचं काय बिघडलं, हे घेणाऱ्याविरुद्ध सिद्ध करण्याची गरज त्या पोटकलमात नाही.

आणि गुप्त म्हणजे काय? अख्ख्या अधिनियमात त्याची व्याख्या नाही. १९९६ मध्ये सामा अलाना अब्दुल्ला विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३ मधल्या वाक्याची व्याकरणाच्या अंगाने फोड केली आणि सांगितलं, की 'सिक्रेट' हे विशेषण फक्त सांकेतिक भाषा आणि परवलीच्या शब्दाला लागतं, पुढच्या नकाशा, टिपण, दस्तऐवज या नामांना लागत नाही. म्हणजे कागद गुप्त असायलाच हवा असंही नाही. कलम ५ चं वाक्य त्याच साच्यातलं आहे. शाळेत 'विशेषण कोणत्या नामाचे ते सांगा' असा एका गुणाचा प्रश्न असायचा. इथे त्या एका गुणावर माणसाची ३ वर्षं टांगलेली आहेत.

प्रत्यक्षात काय होतं ते मुंबईतलंच सांगते. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. हल्ल्यानंतर पोलिसांसाठी नवी शस्त्रं आली. २०१० च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, की सीएसटीतल्या ज्या शस्त्रागारात ही शस्त्रं ठेवली आहेत त्याचं छप्पर गळतं आहे. बातमी लिहिणारे तारकांत द्विवेदी, पत्रकारितेत 'अकेला' या नावाने ओळखले जाणारे. बातमीनंतर काय व्हायला हवं होतं? गवंडी यायला हवा होता. मे २०११ मध्ये, म्हणजे पुढचा पावसाळा तोंडावर आला असताना, रेल्वे पोलिसांनी द्विवेदींना अटक केली. आरोप बेकायदा प्रवेशाचा आणि गुपिते कायद्याचा. मुंबईतले पत्रकार रस्त्यावर उतरले, द्विवेदींना कोठडीत दिवस काढावे लागले.

छत गळतं हे गुपित कुणापासूनचं? पाऊस काही शत्रूला विचारून पडत नाही.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. त्याच हल्ल्याचे तीन दिवस वाहिन्यांनी थेट दाखवले. ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस. जवान कुठून उतरताहेत, कुठे दबा धरून आहेत, सगळं. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाबच्या अपिलाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं, की सीमेपलीकडचे सूत्रधार हे प्रक्षेपण पाहून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. वाहिन्यांनी स्वतःच्या धंद्यासाठी देशाची सुरक्षा धोक्यात घातली, इतक्या कडक अर्थाचे ताशेरे त्या निकालात आहेत. प्रसिद्धीमुळे जीव जाऊ शकतो, हे मला कुणी पटवून द्यायला नको. मीही त्या तीन दिवसांत टीव्हीसमोरून उठले नव्हते, म्हणजे तो अपराध पाहणाऱ्यांतही थोडाफार वाटला जातो. पण त्या प्रक्षेपणासाठी कुठल्या वाहिनीचा संपादक गजाआड गेला नाही. गेला तो छप्पर गळतं असं लिहिणारा वार्ताहर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

वाहिन्यांना तेव्हा तुरुंगात घालायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. नंतर जे केलं ते जास्त शहाणपणाचं होतं. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. अतिरेक्यांविरुद्ध कारवाई चालू असेपर्यंत थेट प्रक्षेपण नको, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच द्यायची. काय दाखवायचं नाही, कधीपर्यंत नाही, हे एका वाक्यात कळतं. कारवाई संपली की बंदी संपली. नियम असा लिहावा. 'कुठलाही कागद, कुणीही, केव्हाही' अशा भाषेत लिहिलेला कायदा सगळ्यांना लागू होतो, म्हणूनच मग साहेबांच्या मर्जीतून उतरलेल्यांनाच लागतो.

इफ्तिखार गिलानींचं प्रकरण आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. 'काश्मीर टाइम्स'च्या दिल्ली कार्यालयाचे प्रमुख. जून २००२ मध्ये त्यांच्या घरावर छापा पडला, संगणकात काश्मीरमधल्या लष्करी तैनातीविषयीचा मजकूर सापडला आणि ते तिहारमध्ये गेले. मजकूर होता इस्लामाबादच्या एका संस्थेने छापलेल्या पुस्तिकेतला, कुणालाही मिळणारा. म्हणजे पाकिस्तानात छापलेली माहिती भारतातल्या पत्रकाराकडे सापडली, तर ती पाकिस्तानला मिळेल अशी भीती! लष्कराच्या गुप्तवार्ता विभागाने आधी मजकूर घातक असल्याचं मत दिलं, मग तो आधीपासूनच जाहीर असल्याचं मान्य केलं. जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. मधले सात महिने त्यांना कोण परत देणार? आरोप टिकला की नाही हे शेवटी कळतं, शिक्षा आधीच भोगून झालेली असते.

हा कायदा आला कुठून, तेही सांगते, कारण त्यात आपल्याकडच्या एका माणसाचा संबंध आहे. ऑक्टोबर १८८९ मध्ये कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीर-गिलगिटबद्दलचा परराष्ट्र खात्याचा एक गुप्त कागद छापला. काश्मीरचे महाराजा प्रताप सिंह यांना बाजूला सारण्यामागे सरकारचा खरा हेतू काय होता, यावर त्याने बोट ठेवलं. व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउनच्या सरकारने त्याच महिन्यात गुपितांचा पहिला कायदा करून टाकला. पुढे व्हाइसरॉय कर्झनला तोही अपुरा वाटला. आरमार आणि लष्कराच्या गुपितांसाठी असलेलं कलम नागरी कारभारालाही लावायचं विधेयक त्याने आणलं, आणि डिसेंबर १९०३ मध्ये त्याविरुद्ध विधिमंडळात उभे राहिले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा मुद्दा आजही जसाच्या तसा लागू पडतो: लष्करी गुपित आणि कारकुनाच्या टेबलावरचा कागद एका तराजूत तोलू नका. १९०४ मध्ये कायदा झालाच. १९२३ मध्ये इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याच्या धर्तीवर सगळं एकत्र करून आजचा अधिनियम आला.

गंमत पुढे आहे. इंग्लंडच्या त्या कायद्यातलं दुसरं कलम म्हणजे आपल्या कलम ५ चा बाप. १९८५ मध्ये क्लाइव्ह पाँटिंग नावाच्या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याने ब्रिटिशांनी फॉकलंड युद्धात बुडवलेल्या अर्जेंटिनाच्या 'बेलग्रानो' जहाजाचे कागद एका खासदाराला दिले म्हणून खटला चालला. न्यायाधीशांचा कल स्पष्टपणे दोषी धरण्याकडे होता, ज्यूरीने निर्दोष सोडलं. १९८९ मध्ये इंग्रजांनी ते कलम काढून टाकलं आणि २०२३ मध्ये १९११ चा कायदाच रद्द केला. त्यांचा नवा कायदा फार उदार आहे असं नाही. पण बाप गेला, लेक शंभरी ओलांडून दिल्लीत धडधाकट आहे. त्याच २०२३ च्या डिसेंबरात संसदेने तीन नवे फौजदारी कायदे केले, गुलामगिरीच्या खुणा पुसण्याची भाषणं सभागृहात झाली. भारतीय दंड संहिता गेली, पुराव्याचा कायदा गेला. लॅन्सडाउन-कर्झनची ही खूण कुणालाच कशी दिसली नाही? वीरप्पा मोईलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच सांगितलं होतं, की हा अधिनियम रद्द करा आणि देशाच्या सुरक्षेपुरतं एक प्रकरण राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घाला.

राफेल विमानांच्या खरेदीचं प्रकरण आपल्याला आठवतच असेल. 'द हिंदू'ने २०१९ च्या फेब्रुवारीत एन. राम यांच्या नावाने संरक्षण खात्याच्या अंतर्गत टिपणांवर बातम्या छापल्या. ६ मार्चला महान्यायवादींनी न्यायालयात सांगितलं की कागद चोरीला गेले आहेत, गुपिते कायद्याखाली कारवाईची भाषा झाली. दोन दिवसांनी खुलासा आला: मूळ कागद जागेवरच आहेत, छायाप्रती बाहेर गेल्या. (आमच्या शाखेत असा खुलासा कुणी दिला असता तर त्याचं निलंबन नक्की होतं.) १० एप्रिलला तीन न्यायमूर्तींनी हे कागद विचारात घेऊ नका हा सरकारचा आक्षेप एकमताने फेटाळला आणि सांगितलं, की असे कागद छापण्यापासून रोखण्याचा अधिकार सरकारला देणारा संसदेचा कुठलाही कायदा दाखवता आलेला नाही. नोव्हेंबरमध्ये मूळ फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे व्यवहाराबाबत निकाल सरकारच्या बाजूने आणि कागद छापण्याबाबत वर्तमानपत्राच्या बाजूने. मला हे आवडतं. छापणारा बरोबरच असला पाहिजे अशी अट घातली, तर कुणी काही छापणारच नाही.

छापण्याआधी रोखता येत नाही, पण छापल्यावर खटला भरता येतो, ही फट मात्र उघडीच आहे. अमेरिकेतही तीच गत. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या कागदांबाबत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वर्तमानपत्रांना छापू दिलं, पण नंतरच्या खटल्याचा प्रश्न सोडवला नाही. अमेरिकेचे गुप्त कागद छापणाऱ्या 'विकिलीक्स'चे ज्युलियन असांज यांनी २०२४ मध्ये १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली एक आरोप कबूल केला तेव्हाच त्यांची सुटका झाली.

देवळालीबद्दल लिहू की नको, असा विचार बराच केला. २०१७ मध्ये 'द क्विंट'ने छुप्या कॅमेऱ्याने तिथल्या छावणीतली सहायक पद्धत दाखवली. जवानांकडून अधिकाऱ्यांच्या घरची कामं करून घेतली जातात, अशी ती बातमी. तीत बोललेला एक जवान काही दिवसांनी मृतावस्थेत सापडला. पत्रकार पूनम अग्रवाल यांच्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आणि गुपिते कायद्याचा गुन्हा नोंदला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये रद्द केला. इथे माझं मन पत्रकाराच्या बाजूने पूर्ण उभं राहत नाही. जो माणूस आपल्याशी बोलला त्याला झाकणं हे बोलवणाऱ्याचं काम, आणि छुपा कॅमेरा लावला की त्या माणसाला 'नको' म्हणण्याची संधीच राहत नाही. पण त्याच्यासाठी गुपिते कायदा? साहेबांच्या मुलांना शाळेत कोण सोडतं, यात देशाचं कुठलं गुपित आहे?

मग फोडणाऱ्याचं काय, असं आपण विचाराल. तिथे मी कडक आहे. मी गोपनीयतेचं हमीपत्र लिहून दिलं होतं. आपल्यातल्या मंत्र्यांनी तर राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतली गोपनीयतेची शपथ घेतली आहे. ज्याने शब्द दिला, त्याने तो मोडला तर त्याला जाब विचारा. वार्ताहराने कुणाला शब्द दिलेला नाही. त्याचा धंदाच विचारण्याचा आहे.

मात्र शब्द मोडणाऱ्यालाही एक दार हवं. सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणातल्या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावानिशी खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटारूंचा खून ठरला, ते मी नाकारत नाही. पण कँटीनच्या वड्याचा दर लाख लावून जपणाऱ्या व्यवस्थेला या एका माणसाचं नाव जपता आलं नाही. त्यानंतर जागल्यांना, म्हणजे आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं. राष्ट्रपतींची सही झाली. तो अजून अमलात आलेला नाही. आतल्या माणसाला आत दाद मागायची सोय नाही, म्हणून कागद बाहेर येतो. दार बंद ठेवायचं आणि खिडकीतून डोकावणाऱ्याला पकडायचं, असा हा कारभार.

आपल्याला स्वतःला या सगळ्याची झळ पोचत नाही. अनुच्छेद १०५ प्रमाणे सभागृहात बोललेल्या शब्दासाठी आपल्याला कोर्टात ओढता येत नाही. हे संरक्षण चांगल्या कामी आलेलं आहे. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातलेल्या सव्वा कोटीच्या रकमेचा हिशेब मागितला. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई. आतली माहिती हाती असल्याखेरीज असं भाषण होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत चौकशी घेतली, तीही उघड, लोकांसमोर. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. तोच कागद फिरोज गांधींऐवजी एखाद्या साप्ताहिकाच्या संपादकाने छापला असता, तर कलम ५ त्याच्यासाठी तयारच होतं.

माझं मागणं लहान आहे. कलम ५ ज्याच्याकडे कागद विश्वासाने सोपवला होता त्याच्यापुरतं ठेवा. छापणाऱ्यावर खटला भरायचाच असेल, तर चालू कारवाईला किंवा एखाद्याच्या जिवाला थेट धोका होता आणि तो ठाऊक असून त्याने छापलं, हे सरकारने सिद्ध करावं. शिक्का होता, एवढं पुरेसं नसावं. शिक्का का मारला, हे विचारण्याचा अधिकार न्यायाधीशाला असावा. आमच्या वेळी वार्षिक गोपनीय अहवालाची काय भीती असायची! २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला दाखवा. त्यानंतर आभाळ कोसळलं नाही. फक्त शेरे जरा विचार करून लिहिले जाऊ लागले.

यासाठी खासगी विधेयक मांडा, असं मी म्हणत नाही. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तेवढं मी वाचलेलं आहे. पण तारांकित प्रश्न विचारता येतो. गेल्या वीस वर्षांत कलम ५ खाली किती पत्रकारांवर गुन्हे नोंदले आणि त्यातले किती सिद्ध झाले? जागल्यांचा २०१४ चा कायदा कोणत्या तारखेपासून लागू करणार? ६७ जणांपैकी एकाने जरी हे विचारलं, तर पुरे.

उत्तर मिळालं तर एक प्रत मलाही पाठवावी. एकाच लिफाफ्यात चालेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कक्ष अधिकारी